आधी दुर्बीण, मग भाकरी

पत्र:

नमस्कार डॉक्टर. मी ४१ वर्षांची, ठाण्यात राहते. माहेर बार्शी तालुक्यातलं. माझ्या दादाला गेल्या वर्षी, वयाच्या ४६ व्या वर्षी, मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. त्याआधी कित्येक महिने संडासवाटे रक्त पडत होतं, पण मूळव्याध समजून तो गावठी औषध घेत राहिला. ऑपरेशन झालं. जवळच्या गाठींत थोडं पसरलं होतं म्हणून केमो दिली, ती दोन महिन्यांपूर्वी संपली. आता बरा आहे.

तेव्हापासून मी घरातलं खाणं बदलायला घेतलंय. मटण बंद. दूध आणि साखर कॅन्सरला पोसतात असा मेसेज आला म्हणून मुलांचंही दूध तोडलं. सकाळी गव्हांकुराचा रस घेते. मला लग्नाआधीपासून पोट साफ न होण्याचा त्रास आहे, रोज रात्री चूर्ण लागतं. त्यानेच कॅन्सर होतो की काय ही धास्ती. आई म्हणते दादाला बाहेरच्या मिसळीने आणि तिखटाने हे झालं. धाकटा भाऊ ३४ चा, पुण्यात आयटीत. दिवसभर खुर्ची, शनिवार-रविवार बिअर, पोट सुटलेलं. एक डॉक्टर म्हणाले, तुम्ही भावंडांनी दुर्बिणीने तपासून घ्या. पण मला काही त्रास नाही आणि त्या तपासणीची भीती वाटते. खाण्यापिण्याने हे टाळता येईल ना? नेमकं काय खाऊ? आमच्यात कॅन्सर तसा कुणाला नव्हता. एक आत्या पिशवीच्या कॅन्सरने पन्नाशीच्या आत गेली, पण ते वेगळं.

— एक बहीण

उत्तर:

ताई,

मी तुमचं शेवटचं वाक्य आधी घेते. आत्याचं दुखणं वेगळं, असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. ते कदाचित वेगळं नसेल. पन्नाशीच्या आत आतड्याचा कॅन्सर झालेला भाऊ आणि पन्नाशीच्या आत गर्भाशयाचा कॅन्सर झालेली आत्या एकाच घरात दिसली की डॉक्टरांच्या मनात एक नाव येतं: लिंच सिंड्रोम. पेशी वाढताना जनुकांची नक्कल होते आणि त्या नकलेतल्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा शरीरात असते. लिंचमध्ये ती जन्मापासून अधू असते. दोष आईकडून किंवा वडिलांकडून येतो आणि प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. आतड्याच्या कॅन्सरच्या शंभर रुग्णांत असे तीनेकच निघतात, तेव्हा आजच हाय खायचं कारण नाही. पण तुमच्या घराबाबत हे तपासल्याशिवाय सोडायचंही नाही.

यासाठी दोन कामं करा. एक, आत्याच्या घरी जुन्या फायली असतील तर मागवा. कॅन्सर पिशवीच्या अस्तराचा होता की पिशवीच्या तोंडाचा, हे त्यात कळेल. तोंडाचा असेल तर तो जवळजवळ नेहमीच एचपीव्ही विषाणूमुळे होतो आणि त्याचा लिंचशी संबंध नाही. दोन, दादाच्या ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचे तुकडे पॅथॉलॉजीत मेणाच्या ठोकळ्यात जपलेले असतात. त्यांवर एमएमआर नावाची तपासणी होते; वर सांगितलेली दुरुस्तीची यंत्रणा शाबूत आहे का, हे ती बघते. बऱ्याच ठिकाणी ती आता सरसकट केली जाते. दादाच्या रिपोर्टात एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६, पीएमएस२ ही चार नावं शोधा. सगळ्यांपुढे प्रथिन शाबूत असल्याचा शेरा असेल तर लिंचची शक्यता खूपच कमी होते. एखादं गायब असेल, किंवा तपासणीच झाली नसेल, तर दादाच्या कॅन्सरतज्ज्ञांना विचारा. पुढची रक्ततपासणी आणि जनुकीय सल्ला तिथून ठरेल. तुम्हा तिघा भावंडांसाठी यंदाच्या वर्षातली ही सर्वांत महत्त्वाची चौकशी आहे. गव्हांकुर तिच्या जवळपासही येत नाहीत.

आता दुर्बिणीचं. समजा दादाचा रिपोर्ट चांगला निघाला, लिंच नाही. तरीही सख्ख्या भावाला साठीच्या आत हा कॅन्सर झाला असेल तर बाकीच्या भावंडांची कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची ही दुर्बिणीची तपासणी, चाळिसाव्या वर्षी, किंवा त्या भावाला झाला त्या वयाच्या दहा वर्षं आधी, यांतलं जे लवकर येईल तेव्हा सुरू करावी, असा प्रघात आहे. दादाचं वय ४६. म्हणजे तुमची पहिली तपासणी ३६ व्या वर्षी व्हायला हवी होती. तुम्ही ४१ च्या आहात. धाकट्या भावाला दोन वर्षं आहेत, पण लिंच ठरलं तर त्यालाही थांबायला मुभा नाही, कारण त्या घरांत दुर्बीण विशी-पंचविशीपासून सुरू करतात आणि दर एक-दोन वर्षांनी करतात.

'मला काही त्रास नाही' हे तुमचं म्हणणं मला समजतं. पण ज्या गोष्टीसाठी ही तपासणी करायची, ती त्रास देतच नाही. मोठ्या आतड्याचा बहुतेक कॅन्सर थेट उगवत नाही. आधी आतल्या अस्तरावर पॉलिप, म्हणजे छोटा कोंब, येतो. अशा कोंबांपैकी थोडेच पुढे बिघडतात आणि त्यांनाही साधारणपणे दहा किंवा त्याहून जास्त वर्षं लागतात (लिंचमध्ये हाच काळ खूप आखडतो). दुर्बीण आत असतानाच हे कोंब काढून टाकता येतात. म्हणजे ही तपासणी नुसता रोग शोधत नाही, तो होऊच देत नाही. १९९३ साली अमेरिकेतल्या नॅशनल पॉलिप स्टडीने हे पहिल्यांदा ठळकपणे दाखवलं. कुठलाही आहार, कितीही काटेकोर पाळला तरी, आतड्यात आधीच असलेला कोंब काढून देत नाही.

भीतीबद्दल खरं सांगायचं तर तपासणीपेक्षा आदली रात्र त्रासाची असते. जुलाबाचं औषध दोन-तीन लिटर पाण्यातून प्यायचं, संडासच्या वाऱ्या करायच्या. प्रत्यक्ष तपासणीच्या वेळी गुंगीचं इंजेक्शन देतात, अर्ध्या-पाऊण तासात काम होतं आणि बहुतेकांना मधलं काही आठवत नाही. शौचातलं न दिसणारं रक्त शोधणारी 'फिट' नावाची साधी तपासणी मिळते. इंग्लंडमध्ये पन्नाशीनंतर दर दोन वर्षांनी तिचं किट टपालाने घरी येतं. आपल्याकडे सरकारी मोहिमा तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख एवढ्यांपुरत्या आहेत, आतडं त्यांत नाही. पण फिट आहे ती ज्यांच्या घरात कुणाला कॅन्सर नाही त्यांच्यासाठी. तुमच्यासाठी थेट दुर्बीणच.

हे इतकं लांबवलं, कारण पत्रात तुम्ही ताटाबद्दल एवढं सगळं लिहिलंय आणि दुर्बिणीला एका वाक्यात वाटेला लावलंय. क्रम उलटा हवा. आता ताटाकडे येते, आणि तिथेही बोलण्यासारखं पुष्कळ आहे.

तुमचं माहेर बार्शीचं, म्हणून सांगते. मुंबईत १९६० च्या दशकात कॅन्सरच्या नोंदी ठेवायला सुरुवात झाली. ग्रामीण भागातली देशातली पहिली नोंदणी सुरू झाली ती तुमच्या बार्शीत, १९८७ मध्ये. या दोन नोंदवह्या शेजारी ठेवल्या की मोठ्या आतड्याचा कॅन्सर मुंबईत बार्शीपेक्षा बराच जास्त दिसतो. याला निदानाच्या सोयी थोड्या कारणीभूत असतील, पण सगळं त्यावर ढकलता येत नाही. जगभर हेच दिसतं. माणसं शहरात आली, बसून काम करू लागली, अख्खं धान्य सुटलं, की एक-दोन पिढ्यांत हा आजार वाढतो. डेनिस बर्किट हे आयरिश शल्यचिकित्सक युगांडात काम करत. तिथल्या खेड्यांत हा कॅन्सर फारसा सापडत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं आणि १९७१ मध्ये त्यांनी त्याचा संबंध खाण्यातल्या चोथ्याशी, म्हणजे फायबरशी, जोडला.

चोथा करतो काय? आपल्याला तो पचत नाही, पण मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंना पचतो. ते त्याला आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार होतं. आतड्याच्या अस्तराच्या पेशी मुख्यतः त्यावर जगतात आणि नीट वागतात. चोथा नसला की जिवाणूंची पंगत बदलते. २०१५ मध्ये स्टीफन ओकीफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक गमतीचा प्रयोग छापला. अमेरिकेतल्या पिट्सबर्गचे २० कृष्णवर्णीय आणि दक्षिण आफ्रिकेच्या खेड्यातले २० जण यांच्या ताटांची दोन आठवड्यांसाठी अदलाबदल केली. अमेरिकनांचा चोथा दिवसाला १४ ग्रॅमवरून ५५ ग्रॅमवर नेला, आफ्रिकनांचा ६६ वरून १२ वर आणला आणि त्यांना बर्गर-सॉसेजचं जेवण दिलं. दोनच आठवड्यांत अमेरिकनांच्या आतड्यात ब्युटिरेट वाढलं आणि अस्तराचा दाह कमी झाला. आफ्रिकनांचं नेमकं उलट झालं. दोन आठवड्यांत कॅन्सर होत नाही की टळत नाही, हे उघड आहे. पण आतडं किती लवकर ताटाची दखल घेतं हे त्यातून कळतं.

दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण ती कोंड्याचे डबे विकणारे सांगत नाहीत. २००० साली अमेरिकेतले दोन मोठे प्रयोग प्रसिद्ध झाले. पॉलिप काढलेल्या माणसांतल्या काहींना तीन-चार वर्षं गव्हाचा कोंडा किंवा भाज्या-फळांचा भरपूर चोथा दिला. नवे पॉलिप येण्याचं प्रमाण कमी झालं नाही. मला यातून एवढंच दिसतं की मधल्या वयात उरकलेला चार वर्षांचा कोर्स आणि लहानपणापासूनचं जेवण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लाखो माणसांच्या दीर्घ पाहण्यांत मात्र रोज ९० ग्रॅम अख्खं धान्य खाणाऱ्यांत हा कॅन्सर सुमारे १७ टक्क्यांनी कमी आढळतो. दोन मध्यम भाकऱ्यांत तेवढं पीठ जातं.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये आपल्या पदार्थांचे तक्ते काढले, त्यांतले आकडे बघण्यासारखे आहेत. शंभर ग्रॅम ज्वारीत चोथा १० ग्रॅम, बाजरी आणि नाचणीत ११ च्या आसपास. आणि गव्हाच्या अख्ख्या पिठातही ११! म्हणजे भाकरीचं फार कौतुक करून पोळीला नावं ठेवण्यात अर्थ नाही. फक्त पीठ बारीक चाळणीने चाळून कोंडा फेकू नका. मैदा आणि पॉलिशचा तांदूळ मात्र तीन ग्रॅमच्या आत. खरी मजल कडधान्यं मारतात: मटकी १५, हिरवे मूग १७, अख्खे हरभरे २५. दोन भाकऱ्या, एक वाटी उसळ, एक पालेभाजी, वरण आणि एक पेरू, एवढ्यात दिवसाचे तीसेक ग्रॅम निघतात. यात बाजारातून आणायचं नवीन असं काय आहे? बार्शीला तुमच्या आजीच्या घरी हेच शिजत असणार. ठाण्यात सकाळी पाव किंवा टोस्ट, चारला खारी-बिस्किटं, रात्री घाईचा भात, असं झालं की दहा-बारा ग्रॅमवर गाडी अडते. नाचणीची म्हणून मिळणारी बिस्किटं घेण्याआधी पाकीट उलटं करून घटक वाचा. पुष्कळदा पहिलं नाव मैद्याचंच असतं. तपकिरी ब्रेडचंही तेच.

एकदम सुरुवात मात्र करू नका. कडधान्याची सवय नसलेल्या पोटात अचानक उसळी ढकलल्या की गॅस धरतो, आणि मग 'मला हे सोसत नाही' म्हणून सगळंच सुटतं. आठवड्याला एक बदल करा आणि पाणी वाढवा. मोड आणून, नीट शिजवून खा.

गव्हांकुराचा रस बंद केलात तर काही बिघडणार नाही. गाळून प्यालेल्या रसात चोथा उरतच नाही आणि त्याने हा कॅन्सर टळतो याला पुरावा नाही. हळदीच्या गोळ्यांबाबत तर मी जास्त सावध राहीन. भाजीतली हळद खुशाल खा, पण दाट अर्काच्या गोळ्यांनी यकृत सुजल्याची उदाहरणं आहेत. आतडी धुऊन देणारे, कॉफीचा एनिमा देणारे यांच्या दारात तर जाऊच नका.

मुलांचं दूध आजच सुरू करा. मेसेजमध्ये जे आलं त्याच्या नेमकं उलटं खरं आहे. दुधातलं कॅल्शियम आतड्यातली पित्ताम्लं आणि मेदाम्लं धरून ठेवतं, त्यामुळे अस्तराला त्यांचा जाच कमी होतो. ब्रिटनमधल्या पाच लाखांहून अधिक स्त्रियांच्या पाहणीचे निष्कर्ष जानेवारी २०२५ मध्ये आले: रोजच्या खाण्यात ३०० मिलिग्रॅम कॅल्शियम जास्त, म्हणजे साधारण एक मोठा पेला दूध, असणाऱ्यांत आतड्याचा कॅन्सर १७ टक्क्यांनी कमी होता. दही-ताकातूनही कॅल्शियम मिळतं. साखरेचं म्हणाल तर ती गाठीला चमच्याने भरवली जाते असं काही नसतं. शरीरातल्या सगळ्याच पेशी साखर वापरतात. साखरेचा दोष वजनातून येतो, म्हणून थंड पेयं आणि बिस्किटं कमी करा. चहातला एक चमचा हा काही खलनायक नाही.

मटण. इथे तुम्ही घाई केलीत, पण दिशा चुकीची नाही. बोकडाचं मटण हे तांबड्या मांसात मोडतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये तांबड्या मांसाला 'बहुधा कर्करोगकारक' आणि सॉसेज, सलामी, हॅम, बेकन अशा टिकवलेल्या मांसाला 'निश्चित कर्करोगकारक' म्हटलं. तंबाखूही त्याच निश्चितवाल्या गटात आहे म्हणून दोघांचा धोका सारखाच असल्याच्या बातम्या तेव्हा झळकल्या होत्या. तसं नाही. पुरावा किती पक्का आहे हे गट सांगतो, धोका किती मोठा आहे हे नाही. रोज ५० ग्रॅम टिकवलेलं मांस खाल्लं तर धोका १८ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे समजा एखाद्या देशात शंभरातल्या पाच जणांना आयुष्यात हा कॅन्सर होत असेल, तर असं खाणाऱ्या शंभरांत सहा जणांना होईल. रोज, हे लक्षात ठेवा.

तांबड्या मांसाची मर्यादा जागतिक कर्करोग संशोधन निधीने आठवड्याला माणशी ३५० ते ५०० ग्रॅम, तेही शिजवलेलं, अशी सांगितलीय. रविवारी चौघांत अर्धा किलो मटण आणलं तर हाडं वजा जाता प्रत्येकाच्या वाटणीला शंभर ग्रॅमही येत नाही. तेव्हा रविवारचा रस्सा परत सुरू करायला माझी हरकत नाही. कोंबडी आणि मासळीवर तर असा ठपकाच नाही. मुलांच्या डब्यात सॉसेज किंवा सलामी जात असेल तर मात्र ते थांबवा, चिकनचं असलं तरी. टिकवण्यासाठी घातलेलं नायट्राइट त्यातही असतं. गोव्याकडच्या वाचकांना राग येईल, पण मीठ-व्हिनेगर लावून धुरावर वाळवलेला चोरीस याच वर्गातला. तो सणासुदीला ठेवा. भाकरी करपली तर तिचा धसका घेऊ नका: जाळावर मांस किंवा मासे करपले की जी घातक रसायनं बनतात, ती स्नायूंतल्या घटकांपासून बनतात, पिठापासून नाही.

पोट साफ न होण्याने हा कॅन्सर होतो असं दिसून आलेलं नाही, तेव्हा ती धास्ती सोडा. चूर्णाबद्दल मात्र बोलायला हवं. अशा बहुतेक चूर्णांत सोनामुखी असते. ती वर्षानुवर्षं घेतली की आतड्याचं अस्तर काळपट पडतं (त्याने कॅन्सर होत नाही, दुर्बिणीत दिसलं तर दचकू नका), आणि तिच्याशिवाय पोट हलत नाही अशी सवय लागते. त्याऐवजी रात्री चमचा-दीड चमचा इसबगोल भरपूर पाण्यातून घ्या, वर सांगितलेला चोथा वाढवा आणि चूर्ण हळूहळू कमी करा. एकच गोष्ट जपा: नेहमीची सवय अचानक बदलली, सतत जुलाब-बद्धकोष्ठ असं आलटून-पालटून होऊ लागलं, जाऊन आल्यावरही अजून बाकी राहिल्यासारखं वाटू लागलं, रक्त दिसलं, किंवा कारण नसताना वजन उतरलं, तर चूर्ण बदलत बसू नका, डॉक्टर गाठा. रक्त मूळव्याधीचंही असू शकतं, नव्हे, बहुतेक वेळा तिचंच असतं. पण ते तपासून ठरवायचं. आपल्याकडे आतड्याचा कॅन्सर उशिरा सापडतो त्यात मूळव्याधीच्या नावाने अंगावर काढलेल्या महिन्यांचा मोठा वाटा आहे आणि त्यांत पन्नाशीच्या आतली माणसं पुष्कळ असतात.

आईंना सांगा, मिसळीने काही झालेलं नाही. तिखटाने जळजळ होते, मूळव्याध असली तर ती ठणकते. पण तिखटामुळे आतड्याचा कॅन्सर होतो असं दिसलेलं नाही. आणि मटकीच्या उसळीइतका चांगला चोथा त्या प्लेटमध्ये दुसरा नाही, वाईट काही असेलच तर तो पाव आणि वरची शेव. हे मी विनोदाने म्हणत नाही. 'तू हे खाल्लंस म्हणून झालं' हे वाक्य केमो संपवून आलेल्या माणसाने रोज जेवताना ऐकू नये. एकेका माणसाला कॅन्सर नेमका कशाने झाला हे कुणालाच सांगता येत नाही. दादाच्या बाबतीत तर उत्तर कदाचित त्या चार नावांच्या रिपोर्टात असेल.

धाकट्या भावाला माझा निरोप जरा कडक द्या. सुटलेलं पोट हा या कॅन्सरचा सिद्ध झालेला धोका आहे, पुरुषांत विशेष. आपल्या माणसांसाठी कमरेची हद्द पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८०. बेंबीपाशी टेप लावून मोजायला सांगा, पँटचा नंबर सांगू नकोस म्हणावं. बिअर म्हणजे दारू नाही असा एक सोयीचा समज आहे. स्ट्राँग बिअरच्या मोठ्या बाटलीत ४० ग्रॅमच्या आसपास शुद्ध अल्कोहोल असतं. व्हिस्कीच्या दोन मोठ्या पेगांइतकं. दिवसाला ३० ग्रॅमच्या वर गेलं की आतड्याच्या कॅन्सरचा धोका वाढल्याचा भक्कम पुरावा आहे, आणि त्याच्या खाली एकदम सुरक्षित अशी पायरी नाही. सिगारेट असेल तर तीही यात येते, फक्त फुप्फुसात नाही. आठवड्याला निदान १५० मिनिटं दम लागेल असं चालणं, आणि खुर्चीतून दर तासाला उठणं. सगळ्यात सोपा बदल बहुधा जेवणाची वेळ: रात्री अकराला मागवलेल्या डब्यात उसळ नसते.

दादासाठी तुम्ही काही विचारलं नाहीत, पण सांगायलाच हवी अशी एक चांगली बातमी आहे. जून २०२५ मध्ये 'चॅलेंज' नावाच्या प्रयोगाचे निकाल आले. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन आणि केमो संपलेले ८८९ रुग्ण, मुख्यतः कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातले. निम्म्यांना व्यायामाची माहितीपुस्तिका दिली, निम्म्यांना प्रशिक्षक देऊन तीन वर्षं व्यायाम करवून घेतला. पाच वर्षांनंतर व्यायामवाल्या शंभरांत ८० जणांना कॅन्सर नव्हता, पुस्तिकावाल्या शंभरांत ७४ जणांना. आठ वर्षांनी हयात असलेले ९० आणि ८३. औषधाने एवढा फरक पडला असता तर ते औषध फार महाग विकलं गेलं असतं. व्यायाम म्हणजे आठवड्यातून तीन-चार वेळा पाऊण-एक तास झपाट्याने चालणं, आधी होतं त्याच्या वर. दादाची केमो दोनच महिन्यांपूर्वी संपलीय, म्हणजे सुरुवात करायची वेळ हीच; त्याच्या डॉक्टरांना विचारून. केमोने तळपायांना मुंग्या किंवा बधिरपणा आला असेल तर अनवाणी नको, चांगले बूट हवेत आणि रस्ता सपाट. ठाण्याहून तुम्ही रोज फोनवर पथ्य सांगण्यापेक्षा गावात त्याच्या बरोबर चालणारा एक माणूस शोधून द्या.

ॲस्पिरिनबद्दल तुम्ही कधीतरी वाचाल म्हणून आधीच लिहिते. इंग्लंडच्या न्यूकॅसलमधले जॉन बर्न यांच्या प्रयोगात लिंच असलेल्यांनी दोन-तीन वर्षं रोज ॲस्पिरिन घेतली तेव्हा पुढच्या काळात आतड्याचा कॅन्सर जवळपास निम्म्यावर आला. पण ते लिंचसाठी, आणि जठरात रक्तस्रावाचा धोका पत्करून. रिपोर्ट हातात येऊन तज्ज्ञाने सांगितल्याशिवाय घरच्या डब्यातली गोळी सुरू करू नका.

तर दुर्बिणीची तारीख घ्या. मधुमेहाच्या किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. लोहाच्या गोळ्या आठवडाभर आधी थांबवायला सांगतील, कारण त्यांनी मळ काळा होतो आणि आतलं दिसत नाही. आणि मी वर जे काही खायला सांगितलं, ते सगळं तपासणीच्या आधीचे दोन-तीन दिवस बंद! भाकरी, उसळ, पालेभाजी, पेरू, तिळाची चटणी, काही नाही. मऊ भात, दही, मैद्याचा पाव चालेल. आदल्या दिवशी नारळपाणी, गाळलेलं लिंबू सरबत, कोरा चहा. कोकम सरबत नको, त्याचा रंग आत रक्तासारखा दिसतो. सगळं स्वच्छ निघालं आणि लिंच नसेल तर पुढची तपासणी पाच वर्षांनी. गुंगीच्या इंजेक्शनमुळे त्या दिवशी एकटीने परत येता येणार नाही, सोबत कुणीतरी लागेल. धाकट्या भावाला बोलवा. बाहेर बसल्या बसल्या त्याचीही चौकशी होऊन जाईल.